पाणी मंडळातली रिकामी जागा

मतदानाच्या टेबलाला बांधलेल्या पेनाची साखळी इतकी आखूड की खालच्या ओळीपर्यंत पेन पोचतच नाही, मतपत्रिकाच वर ओढावी लागते — आणि वायल्डा क्रेडरला आधी त्या साखळीचाच राग आला. ग्रामीण पाणीपुरवठा मंडळ, संचालक, एक निवडा. निवडा कुणाला? छापलेलं नाव एकही नाही. फक्त कोरी ओळ, मनाला येईल ते नाव लिहायला.

गावाच्या मनाला दर खेपेला एकच नाव येतं. अर्ज कुणी भरायचा नाही, ‘वायल्डा आहे की’ म्हणायचं, आणि चर्चच्या तळघरात येऊन तिचं नाव खरडायचं... यंदा तिने पोस्टात, पेंडीच्या दुकानात, भेटेल त्याला बजावलं होतं, माझं नाव लिहू नका. लोक नुसते हसले. पाणी गढूळ आलं की फोन तिला, दर वाढले की बोलणी तिला. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार. एका नाताळात मुख्य नळ फुटला तेव्हा ती दुपारभर गोठलेल्या चिखलात उभी, आणि घरी एडने सणाच्या जेवणाची भाजलेली टर्की एकट्याने कापली — नवऱ्याचा तो शेवटचा नाताळ, हे तेव्हा कुठे माहीत होतं... नाही, आता बस्स. मला सुटायचंय.

तिने दातओठ खात लिहिलं : डॉइल हॅस्केट. शेजारी. तक्रारींत गावात पहिला. घे म्हणावं, भोग.

मतपत्रिका पेटीत टाकून वळते तो कॉफीच्या टेबलाशी डॉइलच उभा.

“यंदा तुझं नाव नाही हं लिहिलं आम्ही,” तो म्हणाला. “हार्मनांच्या ट्वायलाला राजी केलंय सगळ्यांनी मिळून. सुटलीस बाई एकदाची.”

“बरं केलंत,” वायल्डा म्हणाली.

बरंच केलं की. हेच तर हवं होतं. पण सगळ्यांनी मिळून म्हणजे... कधी भेटले? कुणाच्या घरी? ट्वायला गुणी आहे, जनावरांचा दवाखाना नीट चालवते. पण वरच्या टाकीची झडप उलटी फिरते, हे तिला कोण सांगणार? आणि इतकी वर्षं ही माणसं थांबली कशासाठी होती, जर एका सांगण्यात इतकं सहज...

तिने घरी जायला हवं होतं. त्याऐवजी तिने आणखी एक कॉफी ओतून घेतली आणि मोजणी कधी सुरू होणार, ते सहज विचारावं तसं विचारलं. कुणीतरी एकाने, सवयीने का होईना, आपलं नाव लिहिलंच असेल — या विचाराची तिला मनस्वी चीड आली, आणि ती खुर्ची ओढून बसली.