सुट्टीनंतरचा खोकला

जावयाबद्दलचं सासूबाईंचं मत लग्नाच्या दिवशीच ठरलं होतं, आणि पुढच्या अकरा वर्षांत ते बदलावं असं त्यांना काही दिसलं नव्हतं. माणूस कामसू होता, निर्व्यसनी होता, लेकीला कधी टाकून बोलला नव्हता. पण तोंड उघडलं की नाकाने कांदे सोलायचा. लोकांच्या घरचे एसी आणि हवा शुद्ध करायची यंत्रं साफ करणं हा त्याचा धंदा. त्याला सफाई म्हटलं की राग यायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना त्याने मोठ्या निळ्या अक्षरांत ‘हवाडॉक्टर’ असं रंगवून घेतलं होतं. शाळेत दोनदा आपटलेला माणूस एकदम डॉक्टर झाला, तेही नाडी न बघता.

त्या राहायला आल्या होत्या त्या लेकीच्या खोकल्यापायी. चार महिने झाले, खोकला हटत नव्हता. लेक अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडावं. आता चार ओळी वाचल्या की ढास लागायची, आणि वाचनालयाने तिचं अर्धं राहिलेलं पुस्तक दुसरीला देऊ का म्हणून विचारलं होतं. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारण शोधा. असंच चाललं तर फुफ्फुस कायमचं अधू होईल.

“डॉक्टरांनी काही विचारलं असेल ना?” सासूबाईंनी आल्या दिवशीच चौकशी केली.

“भरपूर विचारलं गं. घरात कुणी सिगारेट ओढतं का, मांजर आहे का, भिंतींना ओल आहे का, घरात धूळ उडते का, लहानपणी उडायची का...”

“मग?”

“सगळ्यालाच नाही म्हटलं,” लेक म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

कारण शोधायचं काम अर्थातच हवाडॉक्टरने अंगावर घेतलं होतं. सगळ्यात आधी त्याने समोरच्या बेकरीवाल्याला धरलं. भांडून, अर्ज करून, चार माणसं गोळा करून त्या बापड्याला धुराडं दीड माणूस उंच करायला लावलं. खोकला होता तिथेच. मग खालच्या मजल्यावरच्या सुताराचं पॉलिश. मग रस्ता. रस्त्याला काही अर्ज करता येईना, म्हणून त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या चिकटपट्टीने बंद करून टाकल्या आणि बैठकीच्या खोलीत भिंत फोडून हवा बाहेर फेकणारा भलामोठा पंखा बसवला. खोकला उलट वाढला. घरातली वाईट हवा बाहेर गेली पाहिजे, हे तो जेवताना, झोपताना, दात घासताना सांगायचा. बेकरीवाला, सुतार, रस्ता, सगळ्यांच्या डोक्यावर खापर फोडून झालं, आणि सासूबाई आल्यावर त्याला एक नवं डोकं मिळालं.

“आई, तुम्ही गिरणीत होता ना?” जेवताना त्याने विचारलं.

“सव्वीस वर्षं. कापूस पिंजायच्या खात्यात.”

“तुम्हालाही खोकला आहेच.”

“आहे. कमावलाय.”

“तेच म्हणतो मी. घराण्यात असतं एकेकाच्या. आईचं मुलीत उतरतं.”

हे बोलून त्याने शांतपणे पाण्याचा घोट घेतला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं त्यांनी मुकादमांना सरळ केलं होतं. या चिकटपट्टीवाल्याचं काय घेऊन बसायचं? पण लेक मान खाली घालून ताटात बघत बसली होती, म्हणून त्या गप्प राहिल्या. आणि गप्प राहिलेली बाई बघायला लागते.

जावई सकाळी आठला पांढरे हातमोजे घालून निघायचा. त्याचा एक नियम होता आणि त्याचा त्याला भारी गर्व होता: गिऱ्हाइकाच्या घरात धुळीचा कण सांडायचा नाही. यंत्राची मळकी जाळी काढायची, तिथे दुसरी बसवायची, मळकी पिवळ्या पोत्यात घालायची. मग खिशातून हवेतली धूळ मोजायचं मीटर काढून बाईंसमोर धरायचं. आधी एकशे नव्वद, आता बावीस. बाई खूश. लोक स्वच्छ हवेला नाही, आकड्याला पैसे देतात, असं तोच हसत सांगायचा. संध्याकाळी सहाला ती पोती घरी यायची. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत बसून तो जाळ्या ब्रशने झाडायचा, मग हवेच्या पंपाने फुंकायचा. दहा-बारा घरांची धूळ, केस, कबुतरांची पिसं, गालिच्यांचा भुगा. गॅलरी उघडी होती, मग धूळ बाहेरच जाणार, असा त्याचा हिशेब. गॅलरीत आणि घरात फरक असतो, एवढं त्याला कळत होतं; हवेला तो कळत नाही, हे मात्र या डॉक्टरला कुणी शिकवलं नव्हतं.

मंगळवारी त्याची सुट्टी असायची. सोमवारची पोती तो बुधवारपर्यंत गाडीतच ठेवायचा, त्यामुळे दोन संध्याकाळी गॅलरी शांत. मंगळवारी दुपारी सासूबाईंच्या लक्षात आलं की लेक तासभर सलग बोलत बसली आहे आणि ढास एकदाच लागली आहे. रात्री तर ती शांत झोपली.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून अशी खोकली की डोळ्यांतून पाणी आलं.

सासूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. हा खोकला त्यांच्या ओळखीचा होता. गिरणीत त्याला सुट्टीनंतरचा खोकला म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी व्हायची आणि कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या खात्याचा श्वास कोंडायचा. त्यांच्या शेजारच्या यंत्रावरची मैत्रीण असंच म्हणायची, सुट्टीला बरं वाटतं गं, म्हणजे मोठं काही नसणार. चाळिशीत गेली. घराण्यातला खोकला आठवड्याचा वार बघून येत नाही. लागलेल्या धुळीचाच खोकला सुट्टी पाळतो.

त्या भीतीने गारठल्या, आणि भीती वाटली की त्यांना राग यायचा.

दुसऱ्या दिवशी जावई कामावर गेल्यावर त्यांनी शिवणाच्या डब्यातून हातभर दोरा काढला, टोकाला कापसाचा बोळा बांधला आणि गॅलरीच्या दाराच्या चौकटीला लटकवला. गिरणीत नवा पंखा बसवला की त्या हेच करायच्या. पंखा हवा कुठे फेकतो हे साहेब बघायचे. तो ती कुठून ओढतो हे बायका बघायच्या, कारण मध्ये त्या उभ्या असायच्या. त्यांनी बैठकीतला पंखा लावला. बोळा क्षणभर डुलला आणि सरळ आत, स्वयंपाकघराच्या दिशेने ताठ झाला. घराच्या सगळ्या खिडक्या चिकटपट्टीने बंद. पंख्याला हवा लागणार ती या एकाच दारातून. म्हणजे रोज संध्याकाळी दहा-बारा घरांची धूळ गॅलरीतून उठत होती, ओट्यापाशी उभ्या लेकीच्या नाकातोंडावरून जात होती आणि मग मोठ्या इतमामाने भिंतीतून बाहेर पडत होती.

“गाढव,” सासूबाई रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या. त्यांना जरा बरं वाटलं.

संध्याकाळी सहाला पोती आली. ब्रश सुरू झाला. सासूबाईंनी लेकीला बैठकीत बसवलं, जावयाच्या कोटाच्या खिशातून मीटर काढलं आणि ओट्यावर ठेवलं. चौऱ्याण्णव. पंप सुरू झाला. दोनशे दहा. तीनशे साठ. चारशे ऐंशी.

“जावईबापू, जरा आत या.”

“हात खराब आहेत, आई.”

“म्हणूनच या म्हणते.”

तो आला. आकडा बघून आधी हसला. “कुठून काढलंत हे? याचा सेल गेला असेल.”

“सकाळी गिऱ्हाइकाकडे ठीक होतं ना? बावीस दाखवत होतं ना? तिथे डॉक्टर आणि इथे सेल गेला?”

“बेकरीचा धूर—”

“बेकरी आज बंद आहे.” त्यांनी दोऱ्याकडे बोट केलं. “हा बोळा बघा. तुमच्या पंख्याने ओढलाय. तुम्ही झाडता, पंखा ओढतो, मध्ये माझी पोरगी उभी. अकरा वर्षं लोकांच्या घरात धुळीचा कण सांडला नाहीत तुम्ही, सगळा आणून बायकोच्या छातीत साठवलात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! गावाचं धुराडं वाढवलंत, घराण्याचा उद्धार केलात, आणि हे खिशातलं यंत्र एकदा स्वतःच्या घरात लावावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

जावयाने पंखा बंद केला. बोळा खाली लोंबला. त्याने पुन्हा लावला. बोळा आत आला. असं तीनदा करून बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा डॉक्टर उतरला आणि घाबरलेला एक माणूस उरला, भुवयांपर्यंत दुसऱ्यांच्या धुळीने माखलेला.

“गिऱ्हाइकांना घरात घाण नको असते,” तो पुटपुटला. “कुठे झाडणार होतो?”

“हे मला नका विचारू. एवढं मोठं शहर पडलंय. सरळ माणसाला कुठेतरी जागा सापडली असती. आपल्याच चुलीपाशी घाण आणायची अक्कल लाखात एकाला असते.”

अजून बरंच होतं त्यांच्या पोटात. लग्नातलंही थोडं शिल्लक होतं. त्या दम घ्यायला थांबल्या तेवढ्यात लेक दारात येऊन उभी राहिली.

“आई, पुरे.”

“का पुरे? चार महिने तू—”

“तू कुठे झाडायचीस?”

सासूबाईंना प्रश्न कळला नाही. निदान तसं त्यांनी दाखवलं.

“कामावरून आलीस की,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता; पुस्तक वाचताना असायचा तोच मऊ आवाज होता. “बाहेर कपडे झटकलेस की शेजारीण ओरडायची. म्हणून आत येऊन दार लावून झटकायचीस. मग मी तुझ्या पाठीशी बसून केसांतला कापूस वेचायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया पांढऱ्या होऊन घरी येतात.” तिला ढास लागली. ढास ओसरल्यावर ती पुढे म्हणाली, “डॉक्टरांनी दोन्ही विचारलं होतं. आता धूळ असते का, लहानपणी असायची का. कुणाचं नाव सांगू? मी दोन्हीला नाही म्हटलं.”

छोट्या हातांनी कापूस वेचला जायचा ती सासूबाईंच्या दिवसाची सगळ्यात सुखाची दहा मिनिटं होती. त्या वेळी त्या डोळे मिटून घ्यायच्या. पोर मागे काय श्वासात घेते आहे, हे त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं. मैत्रिणीला खांदा देऊन आल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

जावई खाली मान घालून पोती आवरत होता. एकेकाचं तोंड घट्ट बांधत होता. त्याच्याकडे बघून त्यांना पुन्हा तिरस्कार वाटायला हवा होता. वाटलाही, फक्त तो एकट्या त्याच्यापाशी थांबेना.

“ही पोती खाली गाडीत ठेवून या,” त्या अखेर म्हणाल्या. “आजपासून घरात नाहीत. आणि आधी त्या चिकटपट्ट्या काढा.”

“काढतो.”

“उद्या कामाला सुट्टी घ्या. तिघं डॉक्टरांकडे जाऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं.”

“आणि दुसऱ्या?”

सासूबाईंनी मीटर बंद केलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

“त्याचं मी देईन,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीची एक पट्टी स्वतःच नखाने सोलायला लागल्या.