फ्लेक्सवरचा लाभार्थी

नेवासा फाट्यावर माझा फोटो लागलाय, माणसापेक्षा मोठा. खाली लिहिलंय, 'सरकारमुळे माझ्या हाताला काम.' फोटो काढला तेव्हा मी तालुक्याच्या एका कचेरीत प्रशिक्षणार्थी होतो. मुदत संपली, मला घरी पाठवलं. फोटो तिथंच राहिला.

आता काम मागायला गेलं की सोनईतला किराणावाला हसतो. "रविराज, तुला तर सरकारनं कामाला चिकटवलंय. दुसऱ्या गरिबाची जागा कशाला खातो?"

शेवटी कचेरीतल्या साहेबांकडे गेलो. म्हणालो, "फाट्यावरचा तेवढा फोटो उतरवा. मला काम न्हाई."

साहेब लहान मुलाला समजवावं तसं बोलले. "काम नाही, पण लाभ झाला होता ना? मग तू लाभार्थी. एकदा झालास की कायमचा. परवा मंत्री रोजगारावर बोलायला येताहेत. उलट तुझा नवा फ्लेक्स लावतोय."

मग फ्लेक्सवाल्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "फोटो बदलणं माझ्या हातात न्हाई. पण बांधायला माणूस कमी पडतोय. येतो का?"

गेलो. काय करणार? शिडीवर चढून माझ्याच कानाजवळ सुतळी आवळत होतो. खालून भाजीवाल्या आक्काबाईंनी विचारलं, "रविराज, लागलं व्हय काम?"

"लागलं," म्हणालो.

मी शिडीवरून उतरेपर्यंत तो बोर्ड खरं बोलत होता.