झोपेची ट्रायल

नवसाबाईचा फोन आला तेव्हा श्यामलाबाई गुळांब्यासाठी कैऱ्या किसत होत्या. मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला आणि किसणं चालूच ठेवलं, कारण नवसाबाई काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं. दर उन्हाळ्यात ती सुरगाण्याकडच्या आपल्या पाड्यावरून नाशकात यायची, तांदळाची नाहीतर नागलीची पिशवी ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, यंदा तरी राहायला या. दर उन्हाळ्यात श्यामलाबाई म्हणायच्या, येऊ हो. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. या वेळी मात्र नवसाबाईने नवं घर बांधून झाल्याचं सांगितलं, तीन रात्री तरी राहा म्हणाली, आणि जरा थांबून हळूच बोलली, "बाई, आता मी काय दर साली बोलवायला हाय का?"

कैरी हातातून सुटून परातीत पडली. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं येतो, असं श्यामलाबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. ज्याला बरोबर न्यायचं तो माणूस आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसला होता आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नवसाबाईला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिचा नवरा पुंजा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या यार्डात कामाला होता आणि श्यामलाबाईंचे यजमान उपेंद्रराव तिथेच कंट्रोल रूममध्ये. मुलगी स्नेहल जन्मली त्या वर्षी उपेंद्ररावांच्या शिफ्टना सुट्टी नव्हती आणि श्यामलाबाईंच्या आईचा पाय मोडलेला. तेव्हा ही नवसाबाई सव्वा महिना रोज कॉलनीत यायची, पोरीला मांड्यांवर घेऊन न्हाऊ घालायची, आणि बाहेर दोरीवरच्या धुतल्या लंगोटांवर राख बसली की झटकता झटकता वीजकेंद्राच्या चिमणीकडे बघून म्हणायची, तुमच्या साहेबाला सांगा, पोरगी मोठी होईस्तोवर धूर बंद ठेव. तिच्या घरी एकदाही जाऊ नये, हे श्यामलाबाईंना आता एकदम लाजिरवाणं वाटलं.

अडचण होती ती उपेंद्ररावांच्या झोपेची. तीन वर्षांपूर्वी त्यांचं घोरणं मधेच बंद पडायला लागलं. घोरण्याची श्यामलाबाईंना चांगली सवय होती, पण ते थांबलं की त्या ताडकन उठून बसायच्या. बघतात तर छाती हलतेय आणि श्वास मात्र नाही. मग एक मोठा हिसका, आणि गाडी पुन्हा सुरू. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो, त्यावर सीपॅप लावायचं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला मशीन, आणि मशीन रात्रभर दाबाने हवा पाठवून घसा उघडा ठेवणार. तेव्हापासून उपेंद्रराव मुलासारखे झोपायचे. अट एकच होती, एकही रात्र मशीनशिवाय काढायची नाही. घरातलं मशीन म्हणजे पाण्याच्या टाकीसकट एक मोठं धूड, आणि ते चालणार फक्त प्लगवर. नवसाबाईच्या पाड्यावर वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच जायची.

बायकोने नवसाबाईला दिलेला शब्द ऐकून उपेंद्ररावांनी शब्दकोड्यातून डोकं वर काढलं आणि तू जाऊन ये म्हणाले.

"चाळीस वर्षांनी मी एकटी जाऊ? आणि तिला काय सांगू, साहेबांना प्लगला लावून आलेय म्हणून?"

उपेंद्रराव हसले. ते हसले की निम्मं काम झालं, हे श्यामलाबाईंना लग्नापासून माहीत होतं. प्रवासात नेता येईल आणि बॅटरीवर चालेल असं छोटं मशीन शोधायचं ठरलं. सोमवारपर्यंत सहा दिवस हातात होते.

शोधायचं म्हणजे उपेंद्ररावांच्या पद्धतीने. रात्रीतून त्यांनी आखीव कागदावर तुलनात्मक तक्ता केला. वजन, आकार, बॅटरी किती तास, आवाज किती. आवाजाला सर्वांत जास्त गुण ठेवले, कारण पुण्याहून स्नेहल फोनवर बजावत होती की बाबा, घरातल्यासारखं घूं घूं करणारं घेऊ नका, आता अगदी मुकी येतात. सकाळी तक्त्याची गुंडाळी काखेत मारून ते बायकोसह शरणपूर रोडवरच्या यशश्रीच्या दुकानात हजर झाले. यशश्री तिशीतली, चटपटीत. व्हीलचेअर, वॉकर, पलंग आणि ही श्वासाची मशिनं असं सगळं तिच्याकडे मिळायचं. तिने तीन छोटी मशिनं टेबलावर मांडली आणि काका, कुठलंही घ्या, तिन्ही चांगली आहेत, म्हणाली. डॉक्टरांनी दिलेलं प्रेशर तिन्हींत बसत होतं.

उपेंद्रराव म्हणाले, असं कसं. वीजकेंद्रात वीज बनवणारा नवा सेट उभारला की तो पूर्ण भारावर चालवून बघतात, मगच ताब्यात घेतात. तेव्हा ट्रायल पाहिजे.

यशश्रीला वाटलं, काका दोन मिनिटं मास्क लावून बघतील. काकांच्या मनात दोन तासांची झोप होती. शेवटी असं ठरलं की दुकान एक ते चार बंद असतं, त्या वेळात काकांनी गिऱ्हाइकांना दाखवायला मांडलेल्या पलंगावर झोपायचं. रोज एक मशीन, तीन दुपारी. यशश्री मागे बसून डबा खाणार आणि श्यामलाबाई खुर्चीत बसून राखण करणार. कुठलीही दुसरी दुकानदारीण हात जोडून मोकळी झाली असती, पण या पोरीला गंमत वाटली.

बुधवारी पहिलं मशीन लावलं. ते इतकं मुकं की चालू आहे का ते कळायला श्यामलाबाईंना मास्कच्या भोकाशी बोट धरावं लागलं. उपेंद्रराव हात पोटावर बांधून आडवे झाले. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. श्यामलाबाई उठून बघून आल्या, डोळे टक्क उघडे. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. दीड तासाने साहेब उठून बसले आणि तक्त्यात लिहिलं, 'नापास. कारण अज्ञात.' यशश्रीचं म्हणणं, जागा नवी आहे. श्यामलाबाईंचं म्हणणं, जेवण हलकं झालं.

म्हणून गुरुवारी त्या आमरसाचा डबा घेऊनच गेल्या. केशर आंब्याचा रस, वर तूप, बरोबर पुऱ्या. उपेंद्ररावांनी दोन वाट्या घेतल्या, यशश्रीने तीन. अशा जेवणानंतर जागा राहील तो माणूसच नव्हे. यशश्री आपल्या खुर्चीत डुलायला लागली. उपेंद्रराव दुसऱ्या मुक्या मशीनला जोडलेले, छताचा पंखा न्याहाळत पडून होते, आणि श्यामलाबाईंनी सातव्यांदा उठून त्यांच्या छातीकडे बघितलं.

"जागाच आहे," मास्कमधून आवाज आला. "तू का सारखी उठतेस?"

"काही ऐकू येत नाहीये ना. जीव घाबरा होतो."

हे बोलल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कॉलनी उभी राहिली. सव्वीस वर्षं त्या आवाजात त्यांनी संसार केला होता. टर्बाइनची घरघर भिंतीत, पाण्याच्या पिंपात, पोरीच्या पाळण्यात भरलेली असायची आणि कुणाला ती ऐकूच यायची नाही. पण एखादा सेट ट्रिप झाला, घरघर तुटली, की अख्खी कॉलनी अंथरुणात उठून बसायची. पोरं रडायला लागायची, बायका गॅलरीत येऊन एकमेकींना विचारायच्या, कुठला गेला गं. शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलं. शांतता म्हणजे नवऱ्याला बोलावणं येणार. सेट पुन्हा चालू झाला की सगळे घोरायला मोकळे. आणि घरचं ते मोठं धूड, ज्याच्या घूं घूं आवाजाबद्दल स्नेहल बोल लावायची, ते तीन वर्षं या दोघांना अंगाई म्हणत होतं.

श्यामलाबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. यशश्री दचकून जागी झाली.

"अहो, तुमच्या तक्त्यातला आवाजाचा रकाना उलटा करा," त्या म्हणाल्या.

उपेंद्ररावांनी मास्क काढला. क्षणभर विचार केला. मग छत्तीस वर्षं सेट चालवलेल्या माणसाला आपली चूक कळल्यावर जसं हसू येतं तसे तेही हसायला लागले. यशश्री बिचारी एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. तिला सगळं समजावून झाल्यावर उपेंद्ररावांनी अगदी गंभीरपणे विचारलं, तुमच्याकडचं सगळ्यात जास्त आवाज करणारं मशीन कुठलं? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच आला असणार. टेबलावरचं तिसरं मशीनही मुकंच होतं. ते तिने बाजूला सारलं आणि वरच्या फळीवरून एक खोका काढला. मशीन गुणाचं आहे म्हणाली, सगळ्यांत लहान, सगळ्यांत हलकं, बॅटरी रात्रभर पुरते, पण दोन गिऱ्हाइकांनी आवाजासाठी परत आणलं, म्हणून मी दाखवत नाही.

शुक्रवारी दुपारी ते मशीन लावलं. पोळ्यांच्या डब्याच्या निम्मं, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी चालू असावी. यशश्री ओशाळून माफी मागायला लागली. उपेंद्ररावांनी हात वर करून तिला थांबवलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग चांगलं आहे." पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं, पण संपवलं नाही.

श्यामलाबाईंना पुढचं काही आठवत नाही. यशश्रीने नंतर सांगितलं ते असं. चार वाजता तिने शटर वर केलं तरी दोघं गाढ. त्र्यंबकेश्वरहून देवव्रत नावाचे एक गुरुजी आईसाठी वॉकर घ्यायला आले होते. पलंगावर मास्क लावलेले काका आणि खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या काकू यांना त्यांनी पाच मिनिटं निरखलं, आणि कुजबुजत विचारलं, दोघांना एकच मशीन पुरतं का हो? साडेपाचला उपेंद्रराव उठले. यशश्रीने मशीनमधली नोंद डॉक्टरांना पाठवली, डॉक्टरांनी ती बघून हरकत नाही म्हणून कळवलं, आणि तक्त्यात तिसऱ्या नव्हे तर चौथ्या, नव्याने आखलेल्या रकान्यात 'पास' असं लिहिलं गेलं.

सोमवारी नवसाबाईचा नातू दत्तू वणीपर्यंत जीप घेऊन आला. पाड्यावर पोचले तर पुंजा दारात उभा, काठी टेकून, आणि वीज गेलेली.

"साहेब, जन्मभर वीज केली तुम्ही," तो म्हणाला. "इकडं येताना कुठं सांडली?"

नवं घर पाहून झालं, नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं जेवून झालं. मशीन बघायला अर्धा पाडा जमला. त्या रात्री एका खोलीत दोघं आणि पातळ भिंतीपलीकडे पुंजा-नवसाबाई अशी निजानीज झाली, आणि सकाळी भलताच घोटाळा. ऊन ओटीवर आलं, शेळ्या ओरडून ओरडून थकल्या, तरी घरातलं कुणी उठेना. पुंजाने सगळ्यांत आधी डोळे उघडले. एकलहऱ्याला यार्डाच्या कुंपणाला लागून त्यांचं खोपटं होतं, त्यांच्याही रात्री त्याच घरघरीत गेल्या होत्या, ते श्यामलाबाई विसरल्याच होत्या. नवसाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. म्हणाली, नवरा यार्ड सोडून घरी आला तेव्हापासून अशी झोप लागली नाय.

पण मंगळवारी दिवसभर वीज आली नाही आणि बॅटरीवर एकच रेघ उरली. उपेंद्ररावांचा चेहरा उतरला. श्यामलाबाईंनी पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात दत्तू म्हणाला, जीपमध्ये फोन चार्ज होतो तर ही नाय होणार का? यशश्रीने गाडीला जोडायची वायर खोक्यात दिलीच होती. मग बॅटरी पुढच्या सीटवर बसून बोरगावला गेली, आली, पुन्हा गेली. दोन कोंबड्या, सिमेंटची गोणी आणि अकरा माणसं असलेल्या त्या जीपमध्ये दत्तू प्रत्येकाला बजावत होता, सरकून बसा, हा साहेबाचा श्वास हाय. संध्याकाळी सगळ्या रेघा भरून ती परत आली.

गुरुवारी सकाळी निघायचं होतं. नवसाबाईने तांदळाची पिशवी बांधून ओटीवर ठेवली होती आणि पुन्हा या म्हणायचं तिच्याने होईना. उगाच पिशवीची गाठ सोडून परत बांधत होती. दत्तूने जीप चालू केली. उपेंद्ररावांनी बायकोकडे बघितलं, बायकोने त्यांच्याकडे. मग श्यामलाबाई भरलेल्या बॅगेपाशी गेल्या, तळातून बॅटरी उपसून काढली आणि जीपच्या पुढच्या सीटवर नीट ठेवली.

"संध्याकाळपर्यंत भरून आण रे," त्या दत्तूला म्हणाल्या.

जीप खडखडत उताराला लागली. नवसाबाईने गाठ सोडली, तांदळाची पिशवी उचलली आणि पातेलं शोधायला आत गेली.