रोडपालीच्या खिडकीतला सुती पडदा

मित्रांनो, मी रोडपालीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत राहणारा जुना सुती पडदा आहे. रंग सायीचा, अंगावर बारीक निळ्या रेघा, उंची सात फूट आणि वय चौदा वर्षे. नीट पाहिलंत तर माझ्या अंगावर सतरा-अठरा फिकट तांबूस डाग दिसतील. पाहुणे आले म्हणून मी ते चुण्यांमध्ये लपवत नाही. ते कसे पडले आणि त्यानंतर काय झालं, तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

मला पनवेलच्या जुन्या बाजारातल्या कापड दुकानातून निरीत नावाच्या मुलीने घेतलं. तिची नोकरी नुकतीच सुरू झाली होती आणि पहिल्या पगारातून आईसाठी काहीतरी घ्यायचं तिने ठरवलं होतं. तिची आई म्हणजे बेलाबाई. त्यांनी मला पायाच्या मशीनवर शिवलं. निरीत माझं एक टोक धरून बसली होती आणि वीतभर शिवण झाली की म्हणायची, "आई, वाकडं चाललंय."

"चालू दे," बेलाबाई म्हणायच्या. "पडदा वाकडा झाला तर खिडकी वाकडी करून घेऊ."

शिवण सरळच झाली. खिडकीचं नशीब चांगलं. पुढे दोन वर्षांत निरीतचं लग्न झालं आणि ती इस्राएलला गेली. कोकणातल्या त्यांच्या ज्यू समाजातली बरीच माणसं अशीच तिकडे गेली आहेत. बेलाबाई आणि त्यांचे यजमान नाथन मात्र इथेच राहिले. नाथन रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. मनासारखं मराठीत भांडता येईल अशाच गावात म्हातारपण काढावं, असं त्यांचं मत आहे, आणि ते बेलाबाईंशी रोज थोडंथोडं भांडून ते सिद्ध करतात.

पनवेलच्या जुन्या घरात माझे दिवस सुखाचे गेले. तिथे वर्षातून दोनदा मला अंघोळ मिळे. एकदा पावसाळा सरला की, आणि एकदा पेसाहच्या सणाआधी घराची झाडलोट निघे तेव्हा. बेलाबाई मला सरळ बादलीत बुडवायच्या, साबणाच्या पाण्यात दोन-तीन तास मुरवायच्या आणि पिळून वाळत घालायच्या. पाणी मातीच्या रंगाचं व्हायचं आणि मी पुन्हा सायीचा व्हायचो. येणारंजाणारं कुणीतरी म्हणायचं, "बेला, नवा घेतलास का गं पडदा?" ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी ती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि आम्ही रोडपालीला आलो. इथे खिडकीखाली रुंद रस्ता आहे, त्यावरून दिवसभर ट्रक जातात, आणि रस्त्यापलीकडे सळ्या कापायची एक वखार आहे. इथली धूळ पनवेलच्या धुळीसारखी नाही. ती काळी, जड आणि उन्हात चमचमणारी. महिन्याभरात माझा रंग चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा झाला. मला वाटलं, नव्या घरात सगळेच गडबडीत आहेत, आज ना उद्या कुणीतरी बघेल. तसं होता होता माझ्या अंघोळीच्या सगळ्या पाळ्या चुकल्या आणि दीड वर्ष गेलं.

मग नाथनना दम्याने धरलं. पहिल्या मजल्यापर्यंत चढले की ते कठड्याला टेकून उभे राहत. डॉक्टर घरी आले, त्यांनी नाथनची छाती तपासली, मग माझ्याकडे बघितलं आणि मला बोटाने टिचकी मारली. जो धुळीचा लोट उडाला, तो पाहून मलाच लाज वाटली.

"हा काढून टाका," डॉक्टर म्हणाले. "असले पडदे धूळ धरून ठेवतात."

"धरून ठेवतो म्हणून तर हवा," बेलाबाई म्हणाल्या. "याने धरली नाही तर ती थेट यांच्या खुर्चीवर येईल. मी दर आठवड्याला धुईन."

"दर आठवड्याला? या वयात?"

"या वयात."

डॉक्टरांनी एक महिना दिला. महिन्याने छाती सुधारली नाही, तर पडदा खाली. बेलाबाईंनी मान डोलावली. एकदा त्यांनी अशी मान डोलावली की रेल्वेच्या सिग्नललाही त्यांना थांबवता येत नाही, हे नाथनचं म्हणणं आहे.

आणि त्याच उत्साहात पहिली चूक झाली. त्यांनी पनवेलच्या रीतीने मला तसंच उचललं आणि बादलीत बुडवून तीन तास मुरवलं. पण माझ्या अंगात आता माती नव्हती, लोखंडाचा चुरा होता. लोखंड पाण्यात भिजलं की काय होतं ते तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. गच्चीवर वाळत घातलं तेव्हा माझं अंग गोवर उठावा तसं तांबड्या ठिपक्यांनी भरलं होतं.

त्या दिवशी निरीतचा व्हिडिओ कॉल आला. बेलाबाईंनी फोन माझ्यासमोर धरला.

"आई, टाक तो आता," निरीत म्हणाली. "मी नवा पाठवते."

"नवा पाठव. हा राहील."

"त्यात काय ठेवलंय एवढं?"

बेलाबाईंनी माझी शिवण बोटाने चाचपली. "तुझं टोक धरून बसणं ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि फोन नाथनकडे दिला. मित्रांनो, माझ्यावर ठिपके असूनही त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

आमच्या इमारतीचे जिने झाडायला एक बाई येते. तिचं नाव चिंधी. कापडाच्या गोतातलं नाव, म्हणून मला ती पहिल्यापासून आपली वाटे. जंगलाच्या कडेच्या एका वाडीतली ती. बरीच वर्षं विटांच्या भट्टीवर राबली आणि मग इकडे आली. गच्ची झाडताना तिने मला पाहिलं आणि थांबली.

"बाई, या लोखंडाला पानी कशाला पाजलंत?"

"मग काय करायचं होतं?"

"आदी लोखंड काडायचं. मंग पानी."

दुसऱ्या दिवशी तिने फडक्यात गुंडाळून एक काळं कडं आणलं. मोडक्या स्पीकरमधलं चुंबक होतं ते. पूर्वी ती ते दोरीला बांधून कळंबोलीच्या रस्त्यांवरून ओढत जायची. ट्रकांतून सांडलेले खिळे, तुकडे, चुरा त्याला चिकटे, आणि तो भंगारात जाई. आता तिने ते माझ्या अंगावरून हळूहळू फिरवलं. बघता बघता त्याला काळी दाढी फुटली. बेलाबाई बघतच राहिल्या.

"मी चाळीस वर्षं कपडे धुतेय," त्या म्हणाल्या. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्या पनवेलला कुटं सळ्या कापीत," चिंधी म्हणाली.

डागांचं औषध बेलाबाईंकडे होतं. नाथनच्या नोकरीतल्या सदऱ्यांवर गंज लागायचा, तेव्हापासूनचं. त्यांनी प्रत्येक ठिपक्यावर मीठ ठेवलं, त्यावर लिंबू पिळलं आणि मला उन्हात पसरलं. लिंबू झोंबतं, हे तुम्हाला गुडघा खरचटला असेल तर ठाऊक असेल. मी मुकाट्याने सोसलं. चार दिवसांत बहुतेक ठिपके गेले. जे राहिले त्यांना बेलाबाईंनी हात लावला नाही, कारण आणखी आंबट लावलं असतं तर सूत विरलं असतं.

मग दर शुक्रवारी सकाळी माझी स्वारी गच्चीवर निघू लागली. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की त्यांच्या घरात कामं थांबतात, म्हणून सगळं दुपारच्या आत. चिंधी चुंबक फिरवायची, मग दोरीवर टाकून मला काठीने झोडायची, म्हणजे उरलेली धूळ उडून जाई. नंतर बेलाबाई मला धुवायच्या. नाथन खाली खिडकी लावून बसायचे. धूळ त्यांच्या नाकाजवळ जाता कामा नये, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

तिसऱ्या आठवड्यात नाथन पहिल्या मजल्यावर न थांबता चढून आले. महिना झाला तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या." मी जिंकलो होतो. वाऱ्यावर कारण नसताना दोनदा फुगलो.

तो शुक्रवारच होता. चिंधी मला घेऊन गच्चीवर गेली, आणि ही बातमी तिला आपण सांगायची म्हणून नाथन स्वतः जिना चढून आले. दार उघडलं तेव्हा मी दोरीवर होतो, भोवती काळा ढग होता, काठी खाली पडली होती आणि चिंधी कठडा धरून वाकून खोकत होती. खोकला थांबला की घशातून बारीक शिट्टी वाजे. ती शिट्टी नाथनच्या चांगल्या ओळखीची होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय नाय, साहेब. भट्टीवरची सवय हाय. तुमी खाली जा, धूळ हाय इथं."

"मला दिसतेय धूळ."

नाथन खाली गेले नाहीत. त्यांनी तिला पायरीवर बसवलं आणि जिन्यातूनच हाक मारली. बेलाबाई बादली घेऊन वर आल्या.

"बेला, पडदा काढून टाक," नाथन म्हणाले. "माझ्या छातीतली धूळ हिच्या छातीत ओतून मला बरं व्हायचं नाही."

बेलाबाई चिंधीकडे बघत राहिल्या. "मला कसं दिसलं नाही?" त्या म्हणाल्या. "चार शुक्रवार मी इथे बादली घेऊन उभी आहे."

मित्रांनो, मलाही दिसलं नव्हतं. मी तर तिच्या तोंडाशी होतो. माझ्यातून उडणारी धूळ कुठे जाते, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी स्वच्छ होत होतो ना, तेवढं पुरे होतं. दीड वर्ष धूळ खातानाही मी कधी इतका मळलो नव्हतो, जितका त्या सकाळी स्वतःच्या नजरेत मळलो. बेलाबाईंनी मला तेव्हा भंगारात टाकलं असतं, तरी मी हूं की चूं केलं नसतं.

पण बेलाबाई हार मानणाऱ्या नव्हत्या, आणि चूक कबूल करून तिथेच बसून राहणाऱ्याही नव्हत्या. त्यांनी काठी उचलली आणि गुडघ्यावर मोडली.

"झोडायचं बंद," त्या म्हणाल्या. "पसरून चुंबक फिरवायचं. एकदा नाही, चारदा, उलटसुलट. मग झटकायचं नाही, मुरवायचं नाही. बुडवला की काढला, बुडवला की काढला."

"बाई, सकाळ जाईल त्यात."

"जाऊ दे. सकाळी मला दुसरं कुठलं राज्य चालवायचंय? आणि तोंडाला मास्क. तू, मी, हे, सगळ्यांनी."

"माझं काय काम?" नाथननी विचारलं.

"टोक धरायचं," बेलाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या चिंधीला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. चिंधी जायला तयार नव्हती. काम बुडेल म्हणत होती. मग जिने बेलाबाईंनी झाडले, पदर खोचून, तिन्ही मजले, आणि तिला हाताला धरून नेलं. आता नाथनच्या औषधाशेजारी फळीवर चिंधीचं औषध असतं. ती कामाला येते तेव्हा आधी ते घेते, मग झाडू.

मी अजून खिडकीतच आहे. काळा होतो, धुतला जातो, पुन्हा काळा होतो. माझं कामच ते आहे. आणि मित्रांनो, तुमच्या घरातला पडदाही रोज तुमच्यासाठी धूळ खातो. त्याला महिनोन् महिने विसरू नका. वेळच्या वेळी उतरवा, जपून धुवा. पण तो धुवायला काढाल तेव्हा त्याला झटकणारं माणूस कोण आहे, ते आधी बघा. ते खोकत असेल, तर पडदा तसाच मळका राहू द्या आणि त्या माणसाजवळ जा.