डायच्या खळग्यातलं कुंकू

डाय डब्यातून बाहेर काढली तेव्हा कल्पिता चक्क गुणगुणत होती. दसऱ्यानंतर त्या मापाच्या स्क्रूची ऑर्डर आता कुठे परत आली होती, आणि आवडतं काम हाती आलं की तिला सूर सापडो न सापडो, गाणं सुचायचं.

वागळे इस्टेटमध्ये तानाजीशेठच्या वर्कशॉपात विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे दरवाजे बनतात. त्या दरवाजांना कॅप्टिव्ह स्क्रू बसवायची प्रेस कल्पिताकडे आहे. साधा स्क्रू सोडवला की हातात येतो आणि हातातून निसटला की कुठे जाईल त्याचा नेम नाही. कॅप्टिव्ह स्क्रू पूर्ण सोडवला तरी दरवाजालाच लटकून राहतो, कारण त्याच्याभोवतीची कडी पत्र्यात कायमची दाबून बसवलेली असते. वरून पंच, म्हणजे दाब देणारा दांडा, येतो, खाली डाय असते, म्हणजे मधोमध खळगा असलेला पोलादी ठोकळा. स्क्रू त्या खळग्यात पुरता उतरला, तरच सगळा दाब कडीवर येतो आणि कडी पत्र्याला घट्ट चावते. पॅनेलच्या आत तांब्याच्या उघड्या पट्ट्यांतून वीज धावत असते. तिथे एक स्क्रू पडला तर जो भडका उडतो, त्यात समोरच्या माणसाचं काय होतं हे कल्पिताला कोणी शिकवायला नको होतं. तिचा नवरा देवेश घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये इलेक्ट्रिशियन आहे.

तिने डाय चढवली, पहिला तुकडा दाबला आणि सवयीने कडीला अंगठा लावला. कडी फिरली. तिने जरा जोर दिला तर स्क्रू कडीसकट हातात आला.

गाणं थांबलं. तिने मोबाइलची बॅटरी लावून खळग्यात पाहिलं. तळाशी लाल थर बसला होता. सुईने खरवडला तेव्हा तो खडखडीत तुकड्यांनी निघाला: हळद, कुंकू, तेल आणि चेपून कागदासारखा झालेला अक्षतेचा दाणा.

तिला सगळं आठवलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा तिनेच केली होती. प्रेसला हार, पंचाला गंध, आणि डायला तर तिने हळदीकुंकवाने न्हाऊ घातलं होतं. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, शकुनाचे म्हणून दोनचार नग काढायचे आणि घरी जायचं, असा वर्कशॉपचा रिवाज. पण गिऱ्हाईक अडून बसलं होतं, तेव्हा शेठ म्हणाले, शकुनाला अख्खी ऑर्डरच काढू. तिने डायचा माथा फडक्याने पुसला. खळग्यातलं मात्र मुद्दाम राहू दिलं. देवाचं आहे, असू दे आत, तेवढीच राखण! राखण कसली, डोंबल! त्या थरामुळे प्रत्येक स्क्रू उचललेला राहिला, दाब कडीऐवजी स्क्रूवर गेला आणि कडी पत्र्याला नुसती चिकटली. दसऱ्याच्या घाईत तिने कडी नुसती ओढून पाहिली होती, तेव्हा निघाली नाही. सोडवताना निघणार होती.

आणि ते दरवाजे गेले कुठे, हे शोधायलाही नको होतं. दिवाळीत देवेश घरभर सांगत सुटला होता, आमच्या टॉवरला कल्पिताचे दरवाजे लागले, आत शिक्का आहे. आज सकाळी कोपरीच्या घरातून निघताना तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला होता, "आज पहिल्यांदा तुझे दरवाजे उघडायचेत. लोड चेक करायचाय."

लोड चालू विजेवरच बघतात.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पॅनेलवर काम करताना देवेश फोन पिशवीत टाकतो, आणि या शिस्तीचं ती चारचौघांत कौतुक करायची. आज त्या शिस्तीला तिने मनातल्या मनात वाट्टेल ते ऐकवलं.

"शेठ, दसऱ्याच्या मालाच्या कड्या सुटतात," ती केबिनच्या दारातून ओरडली. "देवेश तिकडे तेच उघडतोय!"

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं हळू बोल. बस जरा, आधी बघूया नक्की..."

"तुम्ही बघा. आणि ज्यांना माल दिलाय त्यांना फोन करा." शेठ उठेपर्यंत ती रिक्षात बसलीसुद्धा होती.

घोडबंदर रोड शिव्या न घालता पार केल्याचं ठाण्यात कुणाच्या ऐकिवात नाही. कल्पिताने शिव्याही घातल्या नाहीत, इतकी ती घाबरली होती. कापूरबावडीला सगळं ठप्प. ती फोन लावत होती, कापत होती, पुन्हा लावत होती. देवेश सकाळी कुठला शर्ट घालून गेला ते तिला आठवेना, आणि ते आठवत नाही याचीच तिला भयंकर भीती वाटायला लागली. उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं? असले अभद्र विचार झटकायला तिने मान हलवली तर रिक्षावाला म्हणाला, "ताई, बरं वाटत नाही का?"

"इथेच सोडा. धावत जाते."

ती खरंच धावली. टॉवरचं गेट, उतार, तळघरातली पार्किंग. वाटभर तिने एकच ठरवलं होतं: दिसला रे दिसला की जीव खाऊन ओरडायचं.

विजेच्या खोलीचं दार उघडं होतं. आत देवेश पाठमोरा, पॅनेलसमोर उकिडवा बसलेला. तीन स्क्रू सुटले होते. दरवाजा त्याने गुडघ्यावर पेलला होता आणि चौथ्याला स्क्रू ड्रायव्हर लावला होता. वरच्या कोपऱ्यातला एक स्क्रू कडीसकट वाकडा होऊन लोंबत होता, बरोबर पट्ट्यांच्या वर.

ओरड तिच्या गळ्यापर्यंत आली आणि तिने ती गिळली. ओरडलं तर तो दचकणार. दचकला तर दरवाजा हलणार.

दाराशी म्हातारे विठ्ठलमामा, देवेशचे जोडीदार, तंबाखू मळत होते. त्यांच्या शेजारीच भिंतीवर मेन स्विचचं हँडल होतं. तिने त्यांचं मनगट धरलं आणि कानाशी कुजबुजली, "मामा, मेन पाडा."

"अगं पोरी, लिफ्टमध्ये माणसं असतील. सोसायटीवाले माझं..."

"पाडा मामा, पाया पडते."

मामांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हँडल खाली ओढलं.

खाडकन अंधार झाला. "ए मामा!" देवेश दचकून ओरडला, आणि त्याच वेळी आत काहीतरी तांब्यावर आपटलं. टिण. एवढासाच आवाज. पार्किंगच्या टोकाला कोणीतरी लिफ्टचं दार बडवायला लागलं होतं.

मामांनी बॅटरी लावली. देवेशने तिला पाहिलं. "तू? तू इथे कशी काय?"

"आत बघ," ती म्हणाली.

त्याने बॅटरी घेतली, आत वाकून पाहिलं. स्क्रू कडीसकट दोन पट्ट्यांच्या मधे आडवा पडला होता, दोन्हींना टेकून. मग त्याने दरवाजा सावकाश खाली ठेवला आणि हात पँटला पुसले.

आता भीतीची जागा रागाने घेतली. "आत रबराची चटई का नाही घातलीस?" ती त्याच्या अंगावर धावून गेली. "नेहमी घालतोस ना? पट्ट्या झाकल्याशिवाय हात लावत नाहीस ना कधी? मग आज काय झालं होतं तुला?"

"घालतो गं, बाकीच्यांच्या दरवाजांना घालतोच." देवेश अजून त्या स्क्रूकडेच बघत होता. "हे तुझ्या हातचे होते ना, म्हणून नाही घातली."