प्रसूतिगृहाचा कौल

लताने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, सभागृहातल्या पडद्यावर शेवटच्या मतदान केंद्राचे आकडे झळकले आणि मागून कुणीतरी ओरडलं, “जिंकलो!” शेजारी उभ्या असलेल्या बिर्गिटने, तिच्या वॉर्डातल्या नर्सने, तिला मिठीच मारली.

ब्राउनश्वाइगजवळच्या या लहानशा गावातलं प्रसूतिगृह बंद करायचं नगरसभेने ठरवलं होतं. विरोधात सह्या गोळा झाल्या आणि प्रश्न थेट नागरिकांपुढे आला: प्रसूतिगृह चालू ठेवायचं का? हो की नाही? तिथेच नर्स असलेली लता थंडीत बाजारात, चर्चबाहेर पत्रकं वाटत उभी राहिली. तिला स्वतःला मत नव्हतं; पासपोर्ट अजून भारतीय. नवरा देवदत्त मात्र जर्मन नागरिक झाला होता. त्याची नोकरी न्युरेम्बर्गला, घरी यायचा शनिवार-रविवारी.

“आपल्या दोघांचं मत तू टाक,” ती त्याला म्हणाली होती.

अधिकारी माइकपाशी आला. ‘हो’ची मतं ‘नाही’च्या दुपटीहून जास्त होती. पण नियमाप्रमाणे एकूण मतदारांपैकी निदान पाचव्या हिश्शाने ‘हो’ म्हणायला हवं होतं. तेवढे लोक आलेच नव्हते. कौल फेटाळला गेला.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. बिर्गिट मटकन खाली बसली.

देवदत्त दाराशी उभा होता, खांद्याला बॅग. कालच येणार होता. काम निघालं म्हणून आत्ता, मतदान संपल्यावर पोचला होता. दोघं बाहेर पडली. मागच्या हिवाळ्यात लांबच्या खेड्यातून येताना एक बाई गाडीतच बाळंत झाली होती. लताने हातात घेतलं तेव्हा बाळ गार पडलं होतं. आता इथल्या बायकांनाही तसंच लांब जावं लागणार होतं.

“आता तरी चल न्युरेम्बर्गला,” देवदत्त हळूच म्हणाला. “तिथे नर्सेस हव्याच आहेत. आणि एक घरही पाहिलंय मी. छान आहे.”

“कधी पाहिलंस?”

“आज दुपारी.”

बोलून गेल्यावर तो थांबला. लताही थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हातमोजे चढवत राहिली.

“एका मताने काही झालं नसतं, लता.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली. “सगळ्या गावाने हेच म्हटलं.”

घराचं वळण आलं. ती सरळ पुढे निघाली.

“कुठे चाललीस? आज सुट्टी आहे ना तुझी?”

“वॉर्डात दोघींच्या कळा सुरू झाल्यात,” ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.