हाजीसाहेबांचे शागीर्द

अफगाणांना क्रिकेट मी शिकवलं, असं हाजी मुकर्रम खान हल्ली पेशावरभर सांगत फिरतो. त्याच्या हिलाल जिमखान्याच्या मैदानावर मी सत्तावीस वर्षं पंच म्हणून उभा राहिलो आहे. त्यानं त्यांना काय शिकवलं ते मला पक्कं ठाऊक आहे. भिंतीवरून उडी मारून पळायला शिकवलं.

मैदानाची जमीन त्याच्या आजोबांनी दिलेली. त्यामुळं सेक्रेटरीची खुर्ची त्या घराण्यात वतनासारखी चालत आली. मुकर्रमनं स्वतः कधी तिसाच्या वर धावा काढल्या नाहीत. मात्र दर रमजानमध्ये इफ्तारीला तो वडिलांची एक आठवण सांगायचा. चोपन्न साली ओव्हलवर आपल्या संघानं इंग्रजांना हरवलं, ते वडिलांनी बाजारातल्या रेडिओवर ऐकलं होतं. देशाला कसोटीत येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. ज्यांनी खेळ शिकवला ते आपल्याला पोरंटोरं समजत होते आणि त्यांच्याच अंगणात त्यांनी मार खाल्ला, हे सांगताना हाजी रडायचा. मग रुमालानं डोळे टिपून तो बाहेर यायचा आणि भिंतीवर बसलेल्या अफगाण पोरांना दगड मारायचा.

ती पोरं कालव्यापलीकडच्या निर्वासितांच्या छावणीतली. टेनिसच्या चेंडूला विजेची टेप गुंडाळून खेळायची आणि आमचे सामने बघायला भिंतीवर चढायची. शेवटी हाजीनं भिंतीच्या माथ्यावर काचा बसवायचा हुकूम दिला. ते काम आलं तोरगुलकडं. तोरगुल आमचा रोलरवाला, वय वर्षं वीस, आणि स्वतः त्याच छावणीतला. लहानपणी आईच्या पाठीवर बसून नंगरहारहून आलेला. त्यानं मुकाट्यानं सिमेंट कालवलं, काचा बसवल्या आणि जांभळाच्या झाडाखाली हातभर जागा मोकळी सोडली. पोरं तिथून येत राहिली. हाजीला ती जागा कधी दिसली नाही, कारण तिथवर चालत जाणं त्याच्या पोटाला झेपत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात मर्दानचा एक संघ आमच्याशी खेळायला आला. हाजीचा पुतण्या फवाद आमचा फिरकी गोलंदाज होता, म्हणजे यादीत तरी होता. आदल्या दिवशी त्यानं चपली कबाब इतके हाणले की सकाळी त्याला अंथरुणातून उठवेना. अकरावा माणूस मिळेना, तेव्हा हाजीनं तोरगुलला फवादची टोपी घालायला लावली आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. तोरगुलनं सहा बळी घेतले. मर्दानच्या कप्तानाला त्यानं असा चकवला, की तो बाद झाल्यावरही खेळपट्टीकडं बघत उभा राहिला. खेळपट्टी अशी वागेल याचा त्याला पत्ता नव्हता. तोरगुलला होता, कारण तीच खेळपट्टी तो रोज पहाटे लाटत होता.

संध्याकाळी कागदावर सहाही बळी फवादच्या नावावर लागले. खाली पंच म्हणून माझी सही आहे. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, महिन्यातून चार सामने मिळायचे, बिर्याणीचं जेवण मिळायचं, मान मिळायचा. एवढ्यासाठी मी सही केली. त्या सहा बळींच्या जोरावर फवाद जिल्ह्याच्या संघात गेला आणि दोन सामन्यांत तिथून हाकलला गेला. आज तो सिमेंट विकतो.

सगळे गेल्यावर तोरगुलनं टोपी धुऊन आणून दिली आणि सरावाला येऊ का, असं हाजीला विचारलं. मी तिथंच पॅड आवरत होतो.

हाजी हसत म्हणाला, "येऊन करणार काय? पुढं कुठल्या देशाकडून खेळणार? आम्ही तुला घेणार नाही, आणि तुझ्याकडं देश आहे कुठं?"

तोरगुल म्हणाला, "आमचा पण संघ होईल, हाजीसाहेब."

"होऊ दे की. त्यांना पाणी द्यायला मी स्वतः येईन. जा आता, रोलर शेडमध्ये घे."

तोरगुल पुन्हा कधी सरावाचं बोलला नाही. त्यानं छावणीतच पोरं जमवली. घट्ट मातीचा एक पट्टा चोपून काढला आणि जुम्म्याच्या नमाजनंतर तो तिथं शिकवू लागला. बोटं कशी धरायची, मनगट कधी वळवायचं, फलंदाजाचे पाय कसे वाचायचे. मी एक-दोनदा बघायला गेलो. आमच्या जिमखान्यातल्या आठ पोरांची अक्कल एकत्र केली तरी भरणार नाही, एवढी समज तिथल्या एकेकाच्या अंगात होती.

पुढं अफगाणांचा संघ खरंच झाला. सुरुवातीला आमच्याकडच्या खालच्या स्पर्धांत खेळायला आला, तेव्हा हाजीनं त्याला रोलरवाल्यांची टीम म्हटलं. दुबळ्या देशांशी जिंकू लागला, तेव्हा वासरांत लंगडी गाय शहाणी असं म्हटलं. वर्ल्ड कपात पोचला, तेव्हा आता बोलवायला कोणी उरलंच नाही वाटतं, असं म्हटलं. नव्व्याण्णवात बांगलादेशनं आम्हाला हरवलं, तेव्हाही आमच्या पोरांनी सकाळी न्याहारी जास्त केली होती, एवढंच कारण त्याला सुचलं होतं. दुसरा कोणी चांगला खेळू शकतो हे काही त्या डोक्यात शिरत नसे. दरम्यान तोरगुलनं शिकवलेली दोन पोरं काबूलला निवड चाचणीला जाऊन आली. एक तिथंच राहिला आणि त्यांच्या दुसऱ्या फळीत खेळला. त्याची बातमी छापून आलेला कागद तोरगुलनं शेडच्या दारावर चिकटवला. हाजीनं तो फाडला नाही. पश्तू तो फक्त बोलायचा, वाचता येत नव्हतं; त्याला तो गवताच्या बियाण्याच्या पाकिटावरचा कागद वाटला.

तेवीस सालच्या ऑक्टोबरात चेन्नईला अफगाणिस्ताननं पाकिस्तानला हरवलं. थोडंथोडकं नाही, आठ गडी राखून. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजी मैदानावर आला तो पेटलेलाच. आमचं अन्न खाल्लं, आमच्या जमिनीवर वाढले आणि आमच्याच ताटात थुंकले, असं तो कहवा घेता घेता तासभर बोलत होता. अकराच्या सुमाराला एका स्थानिक वाहिनीची बाई कॅमेरावाला घेऊन आली. या संघातले कितीतरी जण पेशावरात खेळ शिकले म्हणतात, तुमचा काही संबंध आला होता का, असं तिनं विचारलं. हाजीनं मिशीवरून हात फिरवला. मी समोरच होतो. एवढ्या वेळात माणसाला तोंडातला घास गिळता येत नाही, पण हाजीनं तासाभराच्या शिव्या गिळल्या.

"माझीच लेकरं आहेत ती," तो म्हणाला. "माझे शागीर्द. या मैदानाचं दार मी त्यांना कधी बंद केलं नाही."

मग त्यानं तोरगुलला हाक मारली आणि रोलरचा दांडा धरून मागं उभं राहायला सांगितलं. चित्र चांगलं दिसतं म्हणून. तोरगुल उभा राहिला.

त्याच महिन्यात सरकारचा हुकूम निघाला होता, की ज्या अफगाणांकडं चालू कागद नाहीत त्यांनी महिनाअखेरपर्यंत देश सोडावा. तोरगुलच्या निर्वासिताच्या कार्डाची मुदत कधीच संपलेली. कॅमेरा गेल्यावर तो हाजीकडं आला. हा माणूस सत्तावीस वर्षं आमच्याकडं कामाला आहे, एवढं जिमखान्याच्या कागदावर लिहून द्या, दोन महिन्यांची मुदत मिळाली तर बघतो, असं तो म्हणाला. मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. हाजीनं ऐकून घेतलं आणि कायदा म्हणजे कायदा, आपण कायद्याच्या आड येत नाही, असं सांगितलं. आपल्या नावाचा कागद उद्या कोणी दाखवला तर काय, ही भीती त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होती. त्या पत्रानं मुदत मिळालीच असती असं नाही. पण चार ओळी लिहायला त्या हाताला काय झालं होतं? आणि माझ्या हाताला? जिमखान्याचा कागद कपाटात होता, किल्ली माझ्याकडं होती. मी लिहिलं नाही.

तीस तारखेला, सोमवारी, तोरगुल गेला. ट्रकमध्ये घराच्या तुळया, खिडकीच्या चौकटी, चार कोंबड्या, त्याची बायको आणि दोन मुली. मी निरोपाला गेलो. मी त्या अठ्ठ्याण्णवच्या सहीबद्दल माफी मागितली.

तो तुळईची दोरी आवळत होता. "मास्तरसाहेब," तो म्हणाला, "सहाव्या बळीच्या वेळी अपील झालं तेव्हा तुम्ही बोट वर केलंत ना? मला तेवढं पुरे होतं. कागद काय, कागद तुमच्या लोकांचेच असतात."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ट्रक तोरखमच्या सरहद्दीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागला.

पुढच्या शुक्रवारी जिमखान्यात हाजीचा सत्कार झाला. जुन्या खेळाडूंच्या कुठल्याशा मंडळानं ठेवला होता. वाहिनीवरची मुलाखत गाजली होती. हाजीला पगडी बांधली, चादर पांघरली, ‘अफगाण क्रिकेटचे उस्ताद’ असं लिहिलेली ढाल दिली. मग सगळ्यांत जुना साक्षीदार म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी दोनपेक्षा बरेच जास्त बोललो. काचांचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, सहा बळींचं सांगितलं, खालची सही माझी आहे हेही सांगितलं. अफगाणांना शिकवणारा माणूस या आवारात एकच होता आणि त्याला आपण सोमवारी ट्रकमध्ये घातला, असं म्हणून मी खाली बसलो.

कोणी ओरडलं नाही. पहिल्या रांगेत फवाद मोबाइल बघत होता. हाजी उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं हसला आणि मास्तरांचं आता वय झालं, असं लोकांना म्हणाला. लोक हसले. मग कहवा आला, सोबत शेख लोक खातात तसली महागडी बिस्किटं. पुढच्या महिन्यापासून पंचांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

त्याचं मला दुःख नाही. मी बोललो ते चार दिवस उशिरा आणि पंचवीस वर्षं उशिरा. तोरगुल इथं असताना बोललो असतो, तर त्याला धैर्य म्हटलं असतं. त्या दिवशी गमवायला माझ्याकडं बिर्याणीखेरीज काही नव्हतं. हाजीची मला किळस येते, पण आरशात बघतानाही फार वेगळं वाटत नाही.

तोरगुल जलालाबादच्या बाहेर वीटभट्टीवर काम करतो. मुलीचं लग्न तिकडंच झालं. मी फोन केला की तो आधी खेळपट्टीची चौकशी करतो. तिला दोन हिवाळे नीट पाणी नाही, भेगांत चिमण्या अंग घोळतात, हे मी त्याला सांगत नाही. हाजीनं नवा रोलरवाला ठेवलाच नाही. आणि परवा बाजारात त्याच्या तोंडून नवीनच ऐकलं. तोरगुलला त्यानंच तिकडं पाठवलाय म्हणे, अफगाणांना चांगल्या खेळपट्ट्या करून द्यायला.